जातिवंत कुत्रा : रूप की प्रकृती?

राखणीला जातिवंत कारवानी पिल्लू हवं, असं पुष्कळजण म्हणतात. हौस वाईट नाही. पण जात शुद्ध राहावी म्हणून बाप-लेक, भाऊ-बहीण यांचाच जोड लावला, तर रक्तात दडलेले दोष पिल्लांत उतरतात. पगचं बघा ना! माणसाच्या चपट्या तोंडाच्या हौसेपायी त्या मुक्या जिवाला धड श्वास घेता येत नाही. तेव्हा नर निरोगी आणि दूरच्या रक्ताचा निवडा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार १८ महिन्यांच्या आतल्या मादीपासून पैदास करू नये. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये. पिल्लू घेताना त्याची आई जरूर पाहा. ती खंगलेली असेल, तर सौदा सोडा. राखण ठणठणीत जनावरच करतं.