म्हादई वर, मांडवी खाली
(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण बेळगावकर म्हादईला ओळखतो ते वर्तमानपत्रातून. लवाद, टीएमसी, कळसा-भांडुरा. परवा आमच्यातल्या एकाच्या नातवाने विचारले, "आजोबा, म्हादई म्हणजे ती केस ना?" आम्ही हसलो खरे, पण त्या मुलाच्या पणजीचे माहेर त्याच नदीकाठचे. म्हणून यंदा हा विषय घेतला.

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या दाट रानात, देगावच्या परिसरात ही नदी जन्मते. गवाळीच्या बाजूला वज्रपोह्याला कड्यावरून उडी घेते, गोव्यात सत्तरीत उतरते आणि पणजीला समुद्राला मिळते. नदी तशी लहान. पाणलोट २०३२ चौरस किलोमीटर. त्यातले १५८० गोव्यात, ३७५ आपल्याकडे कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात, दोडामार्गच्या अंगाला.

भांडण समजायचे तर कणकुंबीला जाऊन उभे राहावे. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते. खानापूर, सौंदत्ती करीत कुडलसंगमला कृष्णेत जाते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला, म्हादईकडे. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही अंगच्या पागोळ्यांत वाटला जातो, तसे हे. एका थेंबाला बंगालचा उपसागर, शेजारच्याला अरबी समुद्र. या पागोळीचे पाणी त्या पागोळीला न्यायचे की नाही, एवढाच वाद. २०१० साली लवाद बसला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तरीही वाद मिटलेला नाही. कोणाची बाजू खरी, हे या मंडपात ठरवायला आम्ही आलेलो नाही. आपल्यातल्या निम्म्यांचे सोयरे गोव्यात आहेत!

आम्हाला बोलायचे आहे ते नावांबद्दल. म्हादई म्हणजे मोठी आई, महादेवी, असे लोक सांगतात. कागदोपत्री तिचे महदायी झाले. खाली, भरतीचे पाणी वर चढते आणि होड्या-बार्जा दिसू लागतात, तिथे तीच नदी मांडवी होते. मांडवी म्हणजे जुन्या मराठीत जकातीची जागा. मुंबईची मांडवी आपल्याला ठाऊक आहे. नदीचे नाव त्यावरूनच पडले, असे एक मत आहे आणि आम्हाला ते पटते. जिथे पाणी पितात तिथे आई, जिथे माल उतरतो तिथे जकात.

उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जण रानातल्या एका गावी गेलो होतो. एका म्हाताऱ्या मावशींना विचारले, "मावशी, या नदीला तुम्ही काय म्हणता?" त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "न्हय म्हणतो. आणि काय म्हणायचं?" पण तिच्या प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे नाव होते. ही कोंड अमक्याची, हा उतार गुरांचा, इथला साकव कोणाच्या आज्याने बांधला, कुठल्या व्हळाचे पाणी शिमग्यापर्यंत टिकते. आमच्या वहीची अकरा पाने भरली. यातले एकही नाव आम्हाला नकाशावर सापडले नाही.

भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. आतल्या गावांच्या पुनर्वसनाची बोलणी आपण वाचतोच. आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीतून चालत बाहेर आणावे लागते तिथे. ते लोक बाहेर यायला तयार झाले, तर शहरात बसून त्यांना नको म्हणणारे आपण कोण? रानालाही मोकळीक हवी. पण गाव उठले की भांडीकुंडी टेंपोत चढतील, देवही नेता येईल; कोंडीचे नाव कोण नेणार? नव्या वसाहतीतल्या नळाला ते लावता येत नाही.

तेव्हा एक विनंती. देगाव, तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर या बाजूचे ज्यांचे आजोळ असेल, सासर असेल, त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना बोलते करावे. नाव, ते कशाचे, आणि ते का पडले, एवढेच लिहून आणा. कारण ठाऊक नसेल तर नुसते नाव आणा. वही अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवलेली असेल. पेन मात्र आपापले आणावे, मागच्या वर्षीची तीन गेली.