वाचा गेल्यावरचं शिकणं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सत्कार बरेच झाले, म्हणून थेट विषयाकडे येते. मी कोल्हापुरात वाचा-उपचाराचं काम करते. आज आपल्याच एका वर्गमित्राबद्दल बोलायचं आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारलं, त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं तेव्हा जरा वैतागलाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. याला वाचाघात म्हणतात. दुकानात येणारे लोक त्याच्याशी ओरडून बोलू लागले, जणू तो बहिरा झालाय. "डोकंच गेलंय, आता काय शिकणार?" असं त्याच्यादेखत म्हणणारेही भेटले. त्याला ते कळत होतं.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची नोंद केली. तो 'तान' एवढंच बोलायचा, पण दुसऱ्याचं बोलणं त्याला बरंच समजायचं. दीडशे वर्षं झाली, आपल्या पेठेपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे!

आपला मित्र बेचा पाढा 'बे दाहे वीस'पर्यंत सरळ म्हणतो. 'बे चोक किती?' विचारलं की गप्प. घरच्यांना वाटलं, वाचा परत आली. पण पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा, हे सगळं घोकून पक्कं झालेलं जुनं. नवं काही शिकता येतं का, हा खरा प्रश्न. अभ्यासकांनी वाचाघात झालेल्यांना मुद्दाम बनवलेले, कधीच न ऐकलेले शब्द चित्रं दाखवून शिकवले. अनेकांना त्यातले काही आले. कुणाला लवकर, कुणाला फार हळू, काही जण पुढे विसरले. सगळ्यांचं सारखं नसतं, ते इजेवर, लक्ष आणि स्मरणावरही अवलंबून असतं. अडचण अशी, की आपण परीक्षा शब्दांतच घेतो आणि शब्द अडला की शिकणंच संपलं म्हणतो.

याच्या दुकानात फोनवरून पैसे घ्यायची सोय झटक्यानंतर आली. मुलाने रोज त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने, चूक होण्याआधी बोट धरून दाखवल्या. महिनाभरात जमलं. आता डाव्या हाताने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो. मला एक रुपया सोडत नाही!

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते, पण वर्षांनंतरही होत राहते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३पासून या क्षेत्रात आहे. पण मलकापुराहून दर आठवड्याला कोल्हापूरला येणंही अनेकांना परवडत नाही. म्हणून मी घरच्यांनाच शिकवते.

त्याने आजसाठी एक वाक्य तयार केलंय. दोन महिने सराव चाललाय. माइक त्याच्याकडे देते. मध्ये थांबला तर शब्द पुरवू नका, नुसते थांबा.