क्रूसाच्या चित्रातील खुणा



आपल्या अकोला जिल्ह्यातले बाळापूर तुम्हांला ठाऊकच आहे. 1596 साली वऱ्हाड मोगलांकडे आले, तेव्हा अकबर बादशहाचा मुलगा मुराद याने बाळापुराजवळ शहापूर वसवले. हाच मुराद दहा वर्षांचा असताना, 1580 साली, गोव्याहून फत्तेपूर सीक्रीला गेलेल्या मोन्सेरात नावाच्या पाद्र्याजवळ शिकला. त्या पाद्र्यांनी बादशहाला अँटवर्प शहरी छापलेले बायबल नजर केले. पुढे युरोपातली छापचित्रे पाहून दरबारचे चित्रकार चित्रे काढू लागले. केसू दास याचे मानले जाणारे, क्रूसावरील येशूचे तसे एक चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ही छापचित्रे होत कशी? सोनार दागिन्यावर नक्षी कोरतो ना, तशा तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि वर ओलसर कागद दाबायचा. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत.

पण ज्याला अक्षर येत नाही, त्याने चित्र समजून घ्यावे कसे? खुणांवरून! कमरेवर हात दिसले की आपण विठोबा ओळखतो, तसेच हे. क्रूसाच्या पायथ्याशी कवटी असते. ती पहिला मानव आदाम याची. येशूचे रक्त तिच्यावर ओघळते, म्हणजे आदामापासून चालत आलेले पाप धुतले जाते. दोन्ही अंगांना सूर्य आणि चंद्र असतात. साऱ्या सृष्टीला शोक झाला, असा त्याचा अर्थ. खाली फासे पडलेले दिसतात. शिपायांनी येशूच्या वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याची ती आठवण.

सतराव्या शतकात, ज्याला बरोक काळ म्हणतात त्यात, प्रकाश हीच मोठी खूण झाली. हॉलंडच्या रेम्ब्रांटने 1653 साली ‘तीन क्रूस’ हे चित्र पत्र्यावर कोरले. वरून उजेडाचा लोट येतो आणि क्रूसावरचा येशू त्यात न्हाऊन निघतो. पुढे त्याच पत्र्यावर त्याने दाट उभ्या रेघा ओढल्या, अन् बरीच माणसे अंधारात बुडाली. भर दुपारी अंधार पडला, असे बायबल सांगते. तो अंधार पाहणाऱ्याच्या अंगावर येतो.

क्रूस ही मुळात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची लाजिरवाणी शिक्षा. श्रद्धेने तीच उद्धाराची खूण केली. तेव्हा गुरुजी, असे चित्र वर्गात दाखवाल, तर नुसते ‘किती हाल झाले’ म्हणून थांबू नका. कवटी कुठे आहे, उजेड कुणावर पडला आहे, हे मुलांना शोधू द्या. शेजारच्या ख्रिस्ती घरातले भिंतीवरचे चित्र मग त्यांना परके वाटणार नाही.