तापीकाठची मुले आणि त्यांची कविता



तुमचा आवडता कवी कोणता, असे कुमारवयीन मुलामुलींना विचारले, तर पाठ्यपुस्तकातून आठवतील ती दोन-तीन नावे बहुधा उत्तरादाखल मिळतात. परंतु ते उत्तर परीक्षेचे असते. खरे उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलेले असते, किंवा हल्लीच्या काळात भ्रमणध्वनीत जपून ठेवलेले असते. तेरा ते एकोणीस या वयात माणसाला पुष्कळ काही जाणवते, पण ते सांगण्यासाठी शब्द अपुरे पडतात. अशा वेळी दुसऱ्याने लिहिलेल्या चार ओळी हाती लागतात आणि त्या आपल्याच वाटू लागतात. आवडती कविता ही अशी उसनी घेतलेली, परंतु मनाने आपली करून टाकलेली वाणी होय.

ही वाणी मुलांना कोठून मिळते आणि ती मिळाली नाही तर काय होते, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील एका मराठी वस्तीकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

पर्वत पाटियाची वस्ती

सुरत शहराच्या पूर्व अंगाला पर्वत पाटिया हा भाग आहे. मुख्य रस्त्यावरून आतल्या गावाकडे वळताना जेथे गावाच्या नावाची पाटी असते, त्या थांब्याला गुजरातेत पाटिया म्हणतात. पर्वत हे मूळचे गाव; आज ते महानगरात सामावून गेले आहे. या परिसरात आणि शेजारच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ही माणसे यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि कापड बाजारात काम करतात. कित्येक घरांत स्त्रिया साड्यांना लेस शिवणे, टिकल्या लावणे अशी कामे करून संसाराला हातभार लावतात.

अशा घरातील मुलाच्या कानावर दिवसभरात किती भाषा पडतात, याचा विचार करावा. घरात अहिराणी अथवा लेवा बोली, रस्त्यावर हिंदी, बाजारात गुजराती, आणि शाळेत जे माध्यम असेल ते. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतून गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून शिक्षण दिले जाते, ही त्या शहराची मोठीच थोरवी म्हटली पाहिजे. तरीही पुष्कळ मराठी मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात जातात. पुढील शिक्षण आणि नोकरी यांच्या दृष्टीने आईवडिलांचा तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की, मुलाला मराठी बोलता येते, परंतु मराठी कविता त्याच्या वाट्याला येत नाही. आणि घरची बोली? ती तर पुस्तकात कोठेच दिसत नाही. मग ती चारचौघांत बोलण्याचीही त्याला लाज वाटू लागते. भाषेची हानी होते ती येथे. मूल बोली विसरते त्याच्या कितीतरी आधी तिचा संकोच करू लागते.

घरच्या बोलीला मान

हा संकोच दूर करण्याचे सामर्थ्य ज्या कवितेत आहे, ती योगायोगाने याच मुलांच्या मुलखातली आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे या गावी झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांच्या ओठी गाणी येत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

जाते, मोट, पेरणी, सुगरण पक्ष्याचे घरटे, माणसाचे चंचल मन हे या गाण्यांचे विषय आहेत. पर्वत पाटियाच्या मुलाने मोट पाहिलेली नसेल. परंतु गाण्यातील शब्दांचे वळण आजीच्या बोलण्यात त्याने ऐकलेले असते. ज्या बोलीला मित्र हसतील अशी त्याला भीती वाटत होती, तीच बोली पुस्तकात छापलेली आहे, विद्वान तिच्यावर व्याख्याने देतात, आणि २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ या कवयित्रीच्या नावाने ओळखले जाते, हे कळले म्हणजे त्याची मान आपोआप ताठ होते. आवडती कविता मुलाला काय देते, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे: ती त्याला त्याच्या घराचा मान मिळवून देते.

समवयस्क कवी

दुसरे उत्तर बालकवींच्या चरित्रात सापडते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. खानदेशातील माणसे ज्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरतेला येतात, त्याच मार्गावर हे स्थानक आहे. १९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचाही झाला नव्हता. त्याची कविता ऐकून संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही उपाधी दिली आणि महाराष्ट्राने तेच नाव कायम ठेवले. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. तोपर्यंत ‘फुलराणी’ आणि अवघ्या आठ ओळींची ‘औदुंबर’ यांसारख्या कविता त्यांनी लिहून ठेवल्या होत्या.

कुमारवयीन वाचकांना बालकवी जवळचे वाटतात याचे एक कारण हे की, ते त्यांच्याच वयाचे असताना कवी झाले. निसर्गाचा उल्हास आणि कारण न कळणारी उदासी ही दोन्ही त्यांच्या कवितेत शेजारी शेजारी नांदतात. या वयाच्या मनातही ती तशीच नांदत असतात. वडीलधारी मंडळी ज्या उदासीनतेला आळस किंवा हट्ट म्हणून मोकळी होतात, तिला कवितेत नाव मिळते. पण जळगावच्या त्या प्रसंगाचे मर्म आणखी एक आहे. एका मुलाचे शब्द मोठ्या माणसांच्या सभेने शांतपणे ऐकून घेतले. आज किती मुलांना असे श्रोते मिळतात?

श्रम आणि धीर

कष्टकऱ्यांच्या मुलांना नारायण सुर्वे यांची कविता वेगळ्या रीतीने भिडते. गिरणी कामगाराने वाढविलेले हे अनाथ मूल स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत मुंबईचा कामगार आपल्या स्वतःच्या भाषेत बोलतो. वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येतात, हे ज्या मुलाने रोज पाहिले आहे, त्याला ही कविता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कवितादेखील अशीच आहे. पुराने घर वाहून गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या गुरुजींना भेटावयास येतो. त्याला पैसे नको असतात, धीर हवा असतो. सुरतेला हे दृश्य परके नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पर्वत पाटिया आणि लिंबायत परिसरात तर अतिवृष्टीच्या वेळी खाडीचे पाणी वस्त्यांतून शिरते. ओल्या भिंतींच्या घरात वाढणाऱ्या मुलीला त्या कवितेतील चिखल कल्पनेने पाहावा लागत नाही. संकटात काय मागावे आणि काय मागू नये, हे ती कविता तिला उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता शिकविते.

एकच जन्मतिथी

आता एका विलक्षण योगाकडे लक्ष वेधणे उचित होईल. अर्वाचीन गुजराती साहित्याचे आद्य प्रवर्तक कवी नर्मद यांचा जन्म सुरतेत २४ ऑगस्ट १८३३ रोजी झाला. म्हणजे नर्मद आणि बहिणाबाई यांची जन्मतिथी एकच. मुंबईत शिकलेल्या नर्मदांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला आणि ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश सिद्ध केला. त्यांची जयंती गुजराती भाषा दिन म्हणून साजरी होते आणि सुरतेचे विद्यापीठ २००४ पासून त्यांचे नाव धारण करते. जळगावच्या उत्तरेने वाहणारी तापी सुरतेवरून पुढे समुद्राला मिळते. या एकाच नदीच्या खोऱ्यातील दोन विद्यापीठे दोन कवींच्या नावांनी ओळखली जावीत, ही घटना लहान नव्हे.

पर्वत पाटियाचे मूल या दोहोंचेही वारस आहे. नर्मद आवडले म्हणून बहिणाबाई परक्या होत नाहीत, आणि बहिणाबाईंची गाणी म्हणणारा मुलगा सुरतेचा कमी ठरत नाही. ज्या शाळांत मराठी आणि गुजराती मुले एकत्र शिकतात, तेथे २४ ऑगस्ट हा दिवस दोन्ही कवींचे स्मरण करून साजरा करण्यास फार खर्च येणार नाही.

करावयाचे काम

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा गौरव मोठा आहे. परंतु त्याचा अर्थ घरातल्या मुलापर्यंत पोहोचविण्याचे काम राजधानीतून होणार नाही. ते शिक्षकांचे, अधिकाऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे आहे.

शिक्षकांनी आठवड्यातून एक तास असा ठेवावा की, ज्यात कवितेवर प्रश्न नाही, गुण नाहीत, भावार्थ लिहून घेणे नाही. आवडलेली कविता मुलाने म्हणावी, इतरांनी ऐकावी, एवढेच. कविता आधी कानाने रुजते, अर्थ मागाहून येतो. मुलाने स्वतः लिहिलेले दाखविल्यास शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई फिरविण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे. ग्रंथालयांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी कवितासंग्रह कुलुपबंद कपाटात न ठेवता मुलांच्या हाती लागतील असे ठेवावेत.

गावकऱ्यांचे काम याहूनही सोपे आणि याहूनही निकडीचे आहे. आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत सुरतेची मुले खानदेशातील आपल्या गावी येतात. घरात आजी असते. तिला ओव्या येतात, आखाजीची झोक्यावरची गाणी येतात. तिने ती म्हणावीत आणि नातवाने वहीत उतरवून घ्यावीत. देवनागरी लिहिता येत नसेल तर गुजराती लिपीत लिहावीत. लिपी पुढे बदलता येते, आजी मात्र पुन्हा मिळत नाही. सोपानदेवांनी आईची गाणी टिपून घेतली नसती, तर बहिणाबाई हे नाव असोद्याच्या शिवारापलीकडे कोणास ठाऊक झाले नसते. येत्या आखाजीला घरोघरी अशी एक कोरी वही मुलांच्या हाती द्यावी.