बंद घराचा अडसर

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीच्या कार्यकर्त्यांनी मला 'आजची तरुण पिढी आणि धम्म' या विषयावर बोला म्हणून सांगितलं होतं. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे अभ्यासू वक्ते इथं बसलेले आहेत. मी पडलो टपाल खात्यातला निवृत्त कारकून. नोकरीची बहुतेक वर्षं मनीऑर्डरच्या खिडकीवर गेली. तेव्हा विद्वत्तेचं मी काही सांगणार नाही. एका बंद घराची हकीगत सांगणार आहे. घर आमचंच. खेड तालुक्यातल्या एका गावच्या बौद्धवाडीत १९८३ पासून ते कुलुपात आहे.

आधी एक कबुली देतो. ऑफिसात मे महिना आला की सहकारी गावच्या गोष्टी काढायचे. कोकणातलं घर म्हटलं की ओटीवर झोपाळा, मागे विहीर, विहिरीवर रहाट, फणसाचे गरे. मला कुणी विचारलं की मीही सांगायचो, "आहे ना, मोठं घर आहे, आंब्याची झाडं आहेत." बंधूंनो, ते खोटं होतं. आमच्या घराला झोपाळा नव्हता, विहीर तर नव्हतीच. झाड एकच होतं, रातांब्याचं. पण खरं सांगायची लाज वाटायची. त्या लाजेपोटी मी माझ्या मुलांनाही ते घर कधी दाखवलं नाही.

मागच्या वर्षी नातीला शाळेत 'माझ्या पूर्वजांचे घर' असा प्रकल्प दिला. ती म्हणाली, "आजोबा, आपलं गावचं घर कसं आहे? मला चित्र काढायचंय." त्याच सुमारास धाकट्या भावाचा फोन आला, की घर पडायला आलंय, जागेला गिऱ्हाईक आहे, सही करून टाकू. म्हटलं, सही करण्याआधी एकदा बघून येतो. आणि मे महिन्यात नातीला घेऊन निघालो.

वाटेत महाडला उतरलो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर नातीला बसवलं आणि सांगितलं, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. ठराव कागदावर राहिला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी इथं ओंजळीनं पाणी घेतलं, तेव्हा तो कागद जिवंत झाला. तरी कोर्टकज्जे चालले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. नात म्हणाली, "एवढी वर्षं पाण्यासाठी?" मी म्हटलं, "घरी चल, मग सांगतो."

वाडीत आता पाच-सहाच घरं उघडी आहेत. बाकीची माणसं मुंबईला, पुण्याला. आमचं घर उभं होतं, कारण भावकीतल्या मंडळींनी मधेमधे कौलं चाळली होती. पडवीचा एक कोपरा मात्र बसला होता. कुलूप गंजलेलं, ते दगडानं तोडलं. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागलं. नात म्हणाली, "आपल्याला वाकायला लावायचं म्हणून असं केलं होतं का?" मी म्हटलं, "नाही बाळा, हे पावसासाठी. कोकणातल्या पावसात छपराचा उतार खाली आणावाच लागतो." प्रत्येक गोष्टीला जातीचं कारण शोधू नये. ज्याला आहे त्याला मात्र सोडूही नये.

आत काळोख. वाळवीनं अर्धा माळा खाल्लेला. जातं जागच्या जागी, चूल आणि तिच्या बाजूचा वैल अजून ओळखता येत होता. पाण्याचा रांजण फुटून पडलेला. त्या रांजणापाशी मला माझी आजी आठवली. मी चौथीपर्यंत तिच्याजवळ होतो. गावची विहीर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. आजी मात्र खालच्या वहाळावर जायची. उन्हाळ्यात वहाळ आटला की वाळूत डवरा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं आणि करवंटीनं हंडा भरायचा. एक हंडा भरायला किती वेळ लागतो, हे मला घड्याळ कळायच्या आधी कळलं होतं.

भिंतीत एक कोनाडा होता, रिकामा. पूर्वी तिथं देव होते. आमच्या वाडीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि डिसेंबरात त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पुढच्या वर्षी आमच्या वाडीनं दीक्षा घेतली. आजोबांनी कोनाड्यातले टाक टोपलीत घातले आणि वहाळात सोडले. मला अंधुक आठवतं, आजी टोपलीमागून चालत होती आणि रडत होती. देव सोडायचं वाईट तिला वाटत होतं, हे खरं आहे. ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण परत आल्यावर तिनंच तो कोनाडा पांढऱ्या मातीनं सारवून घेतला. तिथं पुन्हा तिनं काही ठेवू दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. उजेड यावा म्हणून मी मागचं दार उघडायला गेलो. दाराला आतून आडवा अडसर. तो काढायला हात घातला तर हाताला लोखंड लागलं. उजेडात धरून पाहिलं. जुन्या बांबूची जाड काठी, एका टोकाला दोन लोखंडी कड्या. आणि माझ्या अंगावर काटा आला. ती आजोबांची काठी होती. घुंगराची काठी. घुंगरं काढून टाकलेली, कड्या तशाच.

लहान मुलांना ही काठी काय ते माहीत नसेल म्हणून सांगतो. वतनी महाराच्या हातात ती असायची. गावचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल आणि भरणा डोक्यावरून न्यायचा, अंमलदार आला की त्याच्यापुढे चालायचं, मयताची खबर परगावी द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं. रात्र नाही, पाऊस नाही. मोबदला काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचं बलुतं. आमची जुनी माणसं त्याला मान समजायची. बाबासाहेबांनी सांगितलं की हा मान नाही, ही बेडी आहे. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. ते पार पडलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर.

आमच्या आजोबांनी कायद्याची वाट पाहिली नाही. दीक्षा घेतली त्याच वर्षी त्यांनी काठी टाकली. घरात आम्ही एवढंच ऐकून होतो, 'काठी टाकली'. मला वाटायचं जाळली असेल, वहाळात फेकली असेल. तर ती इथं होती! जी काठी घेऊन दुसऱ्यांच्या दारात बाहेर उभं राहायचं, ती म्हाताऱ्यानं आपलं दार बंद करायला वापरली. बांबू चांगला आहे, वाया कशाला घालवा, एवढाच त्याचा विचार असेल. मी त्यात जास्त अर्थ घालत नाही. पण मी ती काठी हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो.

मग नातीनं हाक मारली, "आजोबा, या खांबावर कुणीतरी रेघा मारल्यात." मधल्या खांबावर कोयत्यानं पाडलेल्या बारीक खाचा होत्या, एकाखाली एक, दोन्ही अंगांनी. नातीनं मोजल्या. १६८ भरल्या, पुढचा भाग वाळवीनं खाल्लेला. मला काही उलगडा होईना. शेजारी एक काकी आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. लग्न होऊन त्या वाडीत आल्या त्याच साली दीक्षा झाली. त्यांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरं बाला, ती तुझ्या आजीची वही! काठी टाकल्यावर बलुतं बंद झालं. पायली दोन पायली भात यायचा तोबी गेला. मग तुझा बा ममईवरून पैसं धाडायचा. मनीआर्डर आली का म्हातारी एक खाच मारायची. तिला लिवायला येत न्हवतं ना."

बंधू-भगिनींनो, मी तिथंच खाली बसलो. माझा बाप गिरणीत होता. मी मुंबईला आलो तेव्हापासून मला आठवतो तो पाठमोरा बाप. एक पाळी संपली की बदलीवाल्याची दुसरी पाळी धरायचा. आमच्याशी बोलायला त्याला वेळ नसायचा. मी त्याच्यावर आयुष्यभर राग धरला. मला वाटायचं, या माणसाला घरापेक्षा गिरणी प्यारी. आणि मी स्वतः टपाल खात्यात हजारो मनीऑर्डरींवर शिक्के मारले, पण आपल्या बापाच्या मनीऑर्डरींचं काय होत होतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आजोबांनी एका दिवसात काठी टाकली. तिची किंमत मात्र माझ्या बापानं महिन्याच्या महिन्याला भरली आणि आजीनं ती खांबावर मांडून ठेवली. सन्मान फुकट मिळत नाही, असं आपण भाषणात म्हणतो. मी त्याचा हिशोब डोळ्यांनी पाहिला.

१९८१ साली आजी गेली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गावी येऊन त्या घरात एकटे राहिले. जमीन नावापुरती, हाताला काम नाही. वर्षभरानं त्यांनी मागच्या दाराला आतून ती काठी लावली, पुढं कुलूप घातलं आणि ते मुंबईला परत आले. पुन्हा गेले नाहीत.

लोक म्हणतात, अरेरे, गावं ओस पडली, घरं मोडली. वाईट मलाही वाटलं. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्याला किती कडक उत्तर दिलं होतं, ते आठवा. आपली माणसं केवळ पोटासाठी गाव सोडून आली नाहीत. डवऱ्यावर बसून राहायचं नाही, मुलांच्या हातात काठी द्यायची नाही, म्हणून आली. ते रिकामं घर पाहून मला पहिल्यांदा वाटलं, ही पडझड म्हणजे हार नाही. मग मी लाज कसली बाळगत होतो?

जागेचं काय केलं ते सांगतो. सही अजून केलेली नाही. भाऊ म्हणतो, पडकं घर ठेवून काय करायचं? त्याचंही चुकत नाही, त्याला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत. कदाचित आम्ही विकू. पण आधी तो खांब उतरवून आणणार, एवढं दोघांचं ठरलं आहे. माती-कौलांचा मोह नको, सगळं अनित्य आहे हे आपण रोज म्हणतो. मात्र घर जाण्याआधी ते वाचून घ्यायला हवं. काकी नसत्या तर त्या खाचा माझ्यासाठी नुसत्या खाचाच राहिल्या असत्या.

म्हणून माझी समितीला एक विनंती आहे. विहारात एक जाड वही ठेवा. प्रत्येक घरानं तिच्यात एक पान लिहावं: आपलं गाव कोणतं, पाणी कुठून आणायचो, काठी कुणी आणि कधी टाकली, मुंबईला पहिलं कोण आलं आणि कशासाठी. घरात ऐंशी-नव्वदीची माणसं असतील त्यांना आजच्या आज विचारा. उद्यावर ढकलू नका.

ती काठी मी आज सोबत आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर मागच्या टेबलावर ठेवतो. कृपा करून तिला हार घालू नका, हळदकुंकू तर नकोच, नमस्कारही नको. हातात घ्या. मुलांच्या हातात द्या. वजन किती आहे ते त्यांना बघू द्या आणि मग खाली ठेवायला सांगा.



जयभीम! नमो बुद्धाय!