आवाज केव्हा येतो?



जुन्या गाडीचा मालक गॅरेजात शिरला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'आवाज येतोय.' कसला, असं विचारलं की तो तोंडाने काढून दाखवतो. मेकॅनिक मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'साहेब, गिअरबॉक्स खोलावा लागेल.' माझं म्हणणं असं, की आवाज कसा येतो हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. तेच बेअरिंग एकाला घरघरताना ऐकू येतं, दुसऱ्याला कण्हताना. आवाज केव्हा येतो आणि केव्हा बंद होतो, ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं, आणि त्याला साधा पानासुद्धा लागत नाही.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मर्यादा गाठून थांबली. खासगी पद्मिन्या मात्र पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेत अजून दिसतात. शिकायला ही गाडी फार सोयीची. पुढे इंजिन, त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट, शेवटी मागच्या चाकांमधलं डिफरन्शिअल. सगळं एका रांगेत, त्यामुळे चोर कुठल्या खोलीत आहे ते शोधता येतं.

पहिली परीक्षा उभ्या गाडीत. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लचवरून पाय काढलेला. घरघर येतेय? आता क्लच पूर्ण दाबा. घरघर थांबली, तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे. कारण गाडी उभी असली तरी क्लच सोडलेला असताना इंजिन बॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरवत राहतं आणि त्याच्याबरोबर खालचा लेशाफ्टही फिरतो. क्लच दाबला की दोघेही थांबतात. उलट, दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर ते क्लचचं रिलीज बेअरिंग. त्यासाठीही बॉक्स उतरवावा लागतो हे खरं, पण उघडावा लागत नाही, आणि बिलातला मोठा फरक तिथेच आहे. 'उतरवणं' आणि 'खोलणं' ही दोन वेगळी कामं आहेत, हे मालकाला माहीत आहे एवढं कळलं तरी गॅरेजातली बोलणी बदलतात.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीत, आणि ही माझी आवडती. पद्मिनीत चौथा गिअर म्हणजे थेट जोडणी. इंजिनाकडून आलेली ताकद लेशाफ्टवर न उतरता सरळ मागे जाते. लेशाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. म्हणून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये रडणारी गाडी चौथ्यात शांत होत असेल, तर लेशाफ्टची बेअरिंगं तपासायची. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचे दात. चारही गिअरमध्ये सारखाच असेल आणि गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर बहुधा गिअरबॉक्सला उगीच बदनाम करताय. मागे बघा.

मागे बघायचं म्हणजे पायाने. अॅक्सिलरेटर दाबल्यावर हुंकार वाढतो आणि सोडल्यावर त्याचा सूर बदलतो, तर डिफरन्शिअलमधले क्राउन-पिनियन. गाडी सुटताना किंवा पाय सोडून परत दाबताना एकच 'ठक्' होतो, तर बहुतेक प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला. आणि न्यूट्रलवर गाडी घरंगळतानाही गुणगुण चालूच असेल, तर रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच उजवीकडे वळवा. ओझं डाव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर डाव्या बाजूचं चाकाचं बेअरिंग. झिजलेला टायरही असाच गुणगुणतो. आधी तो अदलाबदल करून बघावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता गिअर पडताना होणारी करकर. जुन्या फियाटला पहिल्या गिअरला वेग जुळवून देणारा सिंक्रो नव्हता. गाडी पुरती थांबण्याआधी पहिला टाकलात तर ती करकरणारच, तो दोष नाही, स्वभाव आहे. दुसऱ्या-तिसऱ्याला करकर होत असेल तर आधी क्लच तपासा : उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच नीट सुटत नाही, सिंक्रोचा काही संबंध नाही. आणखी एक, हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. तिथून बॉक्सपर्यंत येणाऱ्या कांड्यांची बुशं झिजली की हवा तो गिअर सापडत नाही, किंवा भलताच पडतो. बॉनेट उघडा, एकाला गिअरचा दांडा हलवायला बसवा आणि कांड्या बघत राहा. वर दांडा हलतोय आणि खाली काही हलत नाही, असं दिसलं तर दोष त्या स्वस्त बुशांत आहे. अशा वेळी बॉक्स खोलायला निघालेल्या माणसाला हात जोडावेत.

१९८३ साली मारुती आली आणि हा हिशेब बदलला. पुढची चाकं ओढणारी गाडी, इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच पेटीत. थेट जोडणीचा गिअर नाही, म्हणून चौथ्याची परीक्षा इथे चालत नाही. तिचा खास आवाज म्हणजे पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकापाशी येणारी टकटक. मेकॅनिक म्हणतो, 'एक्सल वाजतोय.' खात्री करायची तर चाकामागे रबरी बूट फाटलाय का आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालंय का, ते पाहावं.

शेवटची परीक्षा तेलाची. गिअरचं तेल काढताना जाड लोखंडी नट उघडतो. गाडी गरम असताना पांढऱ्या भांड्यात ओता. पिवळी बारीक चकाकी म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजताहेत. आणि नवं तेल भरताना डब्यावरची अक्षरं वाचा : जीएल-४ मागितलं असेल तिथे जीएल-५ भरू नये, त्यातली काही गंधकयुक्त द्रव्यं या पितळाला खातात. काढलेल्या नटाच्या टोकाला चुंबक असेल आणि त्याला राखाडी लोण्यासारखा लेप चिकटला असेल तर घाबरू नका, एवढी झीज होतेच. पण बोटाला टोचणारा पोलादाचा तुकडा लागला, तर तो दाताचा किंवा बेअरिंगचा असतो. तेव्हा मात्र मेकॅनिक म्हणेल ते खरं. बॉक्स खोला.