खजाना पाण्याचा



दसऱ्याला आपण आपट्याचं पान एकमेकांच्या हातावर ठेवतो आणि त्याला सोनं म्हणतो. आमच्या बीड जिल्ह्यात हे सोनं लुटून झालं की गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, असे कोयतेच्या कोयते ऊसतोडीला निघतात. मागं दाराशी म्हातारी माणसं उरतात.

अशा या जिल्ह्यात गुप्तधनाच्या गोष्टींना मात्र तोटा नाही. धारूरच्या किल्ल्यात मोहरांचे हंडे पुरलेत, हे मीही लहानपणी डोळे विस्फारून ऐकलं आहे. म्हणूनच अब्बा एकदा म्हणाले, चल, तुला खजाना दाखवतो, तेव्हा मी सायकलच्या नळीवर टुणकन उडी मारली.

बीडहून सोलापूर रस्त्यानं सहा-सात किलोमीटर गेल्यावर सायकल थांबली. समोर दगडी बांधणीची गोल विहीर. पायऱ्या उतरून खाली गेलो. मी विचारलं, ‘‘अब्बा, खजाना किधर है?’’ ते पाण्याकडं बोट करून म्हणाले, ‘‘येच है.’’ आमच्या दखनी बोलीतला हा ‘च’ मराठीच्याच घरचा, हे मला फार पुढं कळलं.

ती खजाना बावडी. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली. आखणी केली राजा भास्कर या स्थापत्यकारानं. विहिरीत तीन भुयारी वाटा आहेत. दोहोंतून पाणी आत येतं, तिसरीतून शेतांकडं जातं. मोट नाही, बैल नाही. जमिनीचा उतार ओळखून पाणी आपल्या पायानं चालतं. जहागिरीचा सारा खजिना या कामावर खर्ची पडला, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

पाण्याची ही ओढ इथं जुनीच. बीड शहरातलं कंकालेश्वराचं प्राचीन मंदिर चक्क तळ्याच्या मधोमध उभं आहे. ‘बीड’ हे नावच पाण्यावरून पडलं, असं काही जण मानतात. महंमद तुघलकाला इथं विहिरींना भरपूर पाणी लागलेलं दिसलं, म्हणून त्यानं ‘भीर’ म्हटलं, अशी आख्यायिका आहे. दुसरे म्हणतात, बालाघाटच्या पायथ्याशी बिळासारखं वसलेलं, म्हणून बीड. खरं काहीही असो. पाण्यावरून नाव सांगणारं गाव आज टँकरची वाट बघतं, याची खंत वाटते.

1972 च्या दुष्काळात मी मांडीवरचं पोर होतो. अम्मीनं रोजगाराच्या कामावर खडी फोडली. मला झाडाखाली झोळीत टाकायची आणि मिळालेली सुकडी घरी आणायची. तिला सोन्याच्या गोष्टी कधी आवडल्या नाहीत. कुणी हंड्याचं काढलं की ती विचारायची, त्यात पाणी होतं का?

आता आपण पाचशे-सातशे फूट बोअर घेतो. नाही लागलं पाणी, तर शेजारी दुसरं. त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायला पुन्हा उचल, पुन्हा कोयता. आपण विहिरीचे दगड जपायच्या गोष्टी करतो, दगडांवर नावं कोरणाऱ्यांवर चिडतो. तेही हवंच. पण ही विहीर म्हणजे नुसते दगड नव्हेत. वरच्या रानात मुरलेलं पाणी तिच्यात येतं. ते रान उघडं-बोडकं झालं, भोवती बोअरची चाळण झाली, तर दगड शाबूत राहतील आणि खजाना जाईल.

पाहुणे आले की आपण त्यांना परळीचा वैजनाथ दाखवतो, अंबाजोगाईला योगेश्वरीला नि मुकुंदराजांच्या समाधीला नेतो. कधी लेकरांना या विहिरीवरही न्या. पाणी कुठून येतं, कुठं जातं, ते त्यांना दाखवा. खजाना कुठंय, असं ती विचारतील. त्या वेळी बोट दाखवायला पाणी असलं पाहिजे.